पुन्हा करता येईल असं काही

सातारा, रविवार

चि. सोनू,


तुझी मेल मिळाली, कार्यशाळेचा आराखडाही सावकाश वाचला. भोरच्या पलीकडची शाळा, आठवी-नववीची साठ मुलं, एक शनिवार, तुम्ही चाकणच्या कंपनीतले आठ जण आणि पंधरा रोबो-गाड्यांची किट. सगळं नीट आखलंयस. पण शेवटी एक ओळ आहे: ‘संध्याकाळी किट मोजून परत घेणे.’ ती मला खटकली, आणि हे पत्र तिच्यामुळेच एवढं लांबणार आहे.

किट महाग आहेत, पुढच्या शनिवारी दुसऱ्या शाळेत लागणार आहेत, हे मला कळतं. पण मग रविवारी सकाळी त्या मुलांकडे काय उरतं? गाडी काळ्या रेघेवरून चालली, टाळ्या वाजल्या, बॅनरखाली फोटो झाले आणि गाडी डब्यात बसून चाकणला परत गेली. एखादीला रात्री पडल्या पडल्या सुचलं की सेन्सरांची अदलाबदल केली तर गाडी काय करेल, तर करून बघायची सोय नाही. इतकी वर्षं विज्ञान शिकवून, सुट्यांमधली शिबिरं घेऊन माझ्याकडे एकच कसोटी उरली आहे. आपण निघून आल्यावर त्या मुलाला तीच गोष्ट घरी, एकट्यानं, पुन्हा करता येईल का? येत असेल तर कार्यशाळा झाली. नसेल तर आपण एक चांगला खेळ दाखवून आलो.

ही कसोटी माझ्या डोक्यातून निघालेली नाही. 1972 साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 16 शाळांमध्ये विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो उभा केला. किशोर भारती काढणारे अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं काम सोडून तिकडे गेले होते. सहावी ते आठवीच्या मुलांनी प्रयोग स्वतः करायचे, दिसलं ते वहीत लिहायचं, वर्गात त्यावर भांडायचं आणि निष्कर्ष काढायचा. परीक्षेत पुस्तक उघडायला परवानगी होती, प्रयोगाचीही परीक्षा होती. मुलांना पडलेले प्रश्न ‘सवालीराम’ या नावानं पत्र लिहून विचारता यायचे आणि सवालीरामचं उत्तर पोस्टानं घरी यायचं. शिक्षकांना उन्हाळ्याच्या सुटीत तीन आठवड्यांचं प्रशिक्षण असे, पुढे दर महिन्याला बैठक. 1978 मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर पोचला आणि 2002 मध्ये राज्य सरकारनं तो बंद केला. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

त्याच 1978 साली पुण्याच्या टेल्कोतला एक तरुण इंजिनिअर रजा काढून तिथे गेला. अरविंद गुप्ता. तुझ्यासारखाच, गाड्या बनवणाऱ्या कारखान्यातला. तो तिथल्या आठवडी बाजारात हिंडला, कुठल्या दुकानात काय स्वस्त मिळतं ते बघत. त्यातून काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांची जोडणी निघाली. पुढे ते आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बरीच वर्षं होते. पुण्यातल्या किती मुलांनी तिथे पहिल्यांदा काहीतरी स्वतःच्या हातानं बनवलं असेल! त्यांच्या खेळण्यांच्या चित्रफिती मराठीतही आहेत आणि फुकट बघता येतात. तुम्ही आठही जण शनिवारच्या आधी त्या बघा.

तुमची सकाळ या काड्यांनीच सुरू कर, असं मी सुचवते. गुल आधीच खरवडून ने, साठ मुलांच्या हाती पेटणाऱ्या काड्या नकोत. व्हॉल्व्ह ट्यूबचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे कापायचे आणि दोन्हीकडून एकेक काडी खुपसायची की झाला सांधा. तीन काड्या, तीन तुकडे, त्रिकोण. चार काड्या, चार तुकडे, चौकोन. आता काही न सांगता मुलांना म्हणायचं, कोपरे धरून दाबा. चौकोन लगेच कलतो, पतंगासारखा होतो, पार आडवा पडतो. त्रिकोण ढिम्म हलत नाही. मुलं आधी म्हणतात, रबर घट्ट बसलंय म्हणून. मग त्रिकोणाचंच रबर काढून चौकोनाला लावून बघतात, तरी चौकोन कलतोच. इथे तू गप्प राहायचंस. कुणीतरी चौकोनाला तिरपी काडी लावायला जातं आणि काडी आखूड पडते. मग कुणी बाहेर पळतं, खराट्याची काडी मोडून आणतं, ट्यूबला सुईनं भोक पाडून ती आत घालतं आणि चौकोन ताठ उभा राहतो. आखूड का पडली, किती लांब हवी होती, हे नववीतलं मूल पायथागोरसच्या प्रमेयावरून काढू शकतं. पण ते त्याला स्वतःला आठवू दे.

त्यानंतर वर्गातच मान वर करायला सांग. शाळेला पत्र्याचं छप्पर असेल तर वर लोखंडी कैची दिसेल, नुसती त्रिकोणांनी भरलेली. मैदानाच्या कडेनं विजेच्या मोठ्या लाइनीचा टॉवर गेला असेल तर तोही तसाच. एका शाळेत एका मुलीनं मला सांगितलं होतं की त्यांच्या गोठ्याचं दार खाली लोंबतं कारण त्याला मागून तिरपी पट्टी नाही, आणि घरी जाऊन तिनं वडिलांकडून ती मारून घेतली. माझ्या लेखी ती कार्यशाळा त्या गोठ्यात पूर्ण झाली.

दुपारी मोटर. एक मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबची एक पट्टी, एक चुंबक आणि इनॅमलची तांब्याची तार. तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते. फार बारीक घेऊ नकोस, वेटोळ्याचं वजन पेलून दोन्ही टोकं सरळ राहायला हवीत. सेलभोवती तार गुंडाळून वेटोळं करायचं, टोकं समोरासमोर बाहेर काढायची. पिना सेलच्या दोन्ही बाजूंना ट्यूबच्या पट्टीत खोचून उभ्या करायच्या, त्यांच्या भोकांत वेटोळ्याची टोकं अडकवायची, खाली सेलवर चुंबक ठेवायचं. चार जणांत एक असं करू नकोस, प्रत्येकाची आपापली मोटर हवी. तुमच्या आराखड्यात एका किटला चार मुलं आहेत. चारांत ज्याचा आवाज मोठा त्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर जातो, आणि मुली वहीत नोंदी करत बसतात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता शिक्षकांनी मुलांचे गट पाडलेले दिसले तरी मला धास्ती वाटते. सामान स्वस्त असलं तर गट पाडायची वेळच येत नाही.

आता खरी गंमत तारेवरच्या इनॅमलमध्ये आहे. ते न खरवडता तार लावली तर वीजच जात नाही, मोटर मेल्यासारखी पडते. बहुतेक मुलं इथे पहिल्यांदा अडतात, कारण तार दिसायला तांब्याची, चकचकीत; तिच्यावर काही लेप असेल असं वाटतच नाही. ते कळलं की जोरानं दोन्ही टोकं चहूबाजूंनी खरवडतात. मग वेटोळं हलतं, हेलकावे खातं आणि थांबतं. फिरत नाही. वर्गात अशी साठ हेलकावणारी वेटोळी असतील, आणि तुमच्यातल्या आठही इंजिनिअरांचे हात शिवशिवतील. कुणीही हात लावायचा नाही. मुलाच्या हातातून पिन घेऊन ‘दे, मी करतो’ म्हणणाऱ्याला त्या दिवशी बाहेर चहा प्यायला पाठव.

वेटोळं थांबतं ते का, हे त्यांना शोधू दे. बोटानं वेटोळं हळूहळू फिरवून बघा म्हण, कुठल्या बाजूला असताना ढकललं जातं, कुठे उलटं ओढलं जातं. अर्ध्या फेरीत चुंबक त्याला पुढे रेटतं, उरलेल्या अर्ध्या फेरीत मागे खेचतं. म्हणजे ती उरलेली अर्धी फेरी वीज बंद ठेवायला हवी. दोन्ही टोकांवरचं इनॅमल एकाच अंगानं खरवडलं आणि दुसरं अंग तसंच ठेवलं की नेमकं हेच होतं. अर्धी फेरी धक्का, अर्धी फेरी आधीच्याच वेगावर. पहिली मोटर भिरभिरली की ज्या मुलाची ती असते त्याच्याभोवती अख्खा वर्ग गोळा होतो, आणि पुढच्या काही मिनिटांत बाकीच्याही फिरायला लागतात, कारण मुलं एकमेकांना तुझ्यापेक्षा चांगलं समजावून सांगतात. दहावीच्या पुस्तकात विजेच्या मोटरची आकृती आहे. ज्यानं वर्षभर आधी तार खरवडलेली असते तो त्या आकृतीकडे वेगळ्या नजरेनं बघतो.

तुमच्या रोबो-गाड्या यानंतर काढा. आणि एक जुनी, बिघडलेली खेळण्यातली मोटर फोडून दाखवा. आत तीन वेटोळी दिसतील. एक का नाही, तीन का, हा प्रश्न मुलांवर सोडून द्या. पंधरातली दोन किट शाळेत ठेवून या, एवढं तुझ्या साहेबांकडून मंजूर करून घेच. तीही सरांच्या कपाटात नकोत, वर्गात उघड्या फळीवर ठेवा.

कपाटाचं मुद्दाम लिहिते. अटल टिंकरिंग लॅबची योजना 2016 नंतर आली. एका शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान, त्यात थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, अवजारं. योजना चांगली आहे, आणि मुलांनी गजबजलेल्या लॅबही मी पाहिल्या आहेत. पण एका शाळेत मला ती खोली किल्लीवाला शोधून उघडून घ्यावी लागली. प्रिंटरवर प्लॅस्टिकचं आच्छादन तसंच होतं आणि भिंतीवर उद्घाटनाचा फोटो. सरांना विचारलं तर म्हणाले, बिघडलं तर जबाबदार कोण? तो माणूस वाईट नव्हता. त्याला ते यंत्र चालवायला कुणी बसून शिकवलंच नव्हतं, आणि वर नोंदवहीत त्याच्या नावावर चढवलं होतं.

म्हणून शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना शुक्रवारीच भेट. त्यांच्याबरोबर बसून काड्यांचा चौकोन आणि मोटर दोन्ही करा, त्यांचं वेटोळंही अडू दे. शनिवारी वर्गापुढे त्यांना उभं कर, तुम्ही मुलांमध्ये मांडी घालून बसा. होशंगाबादमध्ये जे काही टिकलं ते शिक्षकांमुळे टिकलं. पाहुणे आले की सर मागच्या बाकावर हजेरीपटात डोकं घालून बसतात, ही पद्धत तुम्ही तरी चालू ठेवू नका.

पाबळचा विज्ञान आश्रम तू एकदा बघून ये, चाकणहून तुला लांब नाही. डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये तो सुरू केला, त्याआधी ते हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात होते. शाळेतल्या मुलांनी वेल्डिंग, वायरिंग, शेती, स्वयंपाक करायचा आणि शिकलेलं काम गावाला करूनही द्यायचं, हा त्यांचा आग्रह. त्यामुळे चूक झाली तर ती खऱ्या दारात, खऱ्या नळात दिसते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं 2002 मध्ये तिथे फॅब लॅबही उभी राहिली, तीही खेड्यात. तुमच्या कंपनीला पुढच्या वर्षी काय करता येईल ते तिथे गेल्यावर सुचेल.

अजून एक. निघताना मुलांना सुटीचं एक काम देऊन ये. आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. सिंधुदुर्गात मेच्या पहिल्या आठवड्यात, भोरकडे 12 मेच्या आसपास, नागपूरला 26 मेच्या आसपास. भोरकडे दुसरी वेळ जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीची, तेव्हा पाऊस आणि ढग. म्हणजे शाळा चालू असताना हे दाखवता येतच नाही, मुलांनी आपापल्या अंगणातच बघायला हवं. सपाट जमिनीवर ओळंब्यात एक सरळ काठी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, आणि आधीचे-नंतरचे तीन-चार दिवस सावलीच्या टोकाला खुणा. मेमध्ये बरीच मुलं मामाच्या गावी असतात. ती वेगवेगळ्या गावांतून वेगवेगळ्या तारखा घेऊन परत आली तर त्या तारखांवरून जूनमध्ये सरांचा एक अख्खा तास होईल. प्रत्येकाच्या हातात तुझा पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड देऊन ये आणि आलेल्या प्रत्येक कार्डाला स्वतः उत्तर लिही. ते काम ऑफिसातल्या कुणावर ढकलू नकोस.

व्हॉल्व्ह ट्यूब आता सगळीकडे मिळत नाही. इथे राजवाड्याजवळ एक जुना सायकलवाला आहे, त्याच्याकडून मी घेऊन ठेवते. गुरुवारी संध्याकाळी तुम्ही सगळे इकडेच मुक्कामाला या. रात्री बसून साठ मुलांच्या पुड्या बांधू, आणि आठही जणांनी आपापली मोटर फिरवल्याशिवाय मी कुणाला झोपू देणार नाही. किती जण जेवायला आहात ते बुधवारपर्यंत कळव.

तुझी,
मावशी