दवाखान्यातल्या सुईला कायदा आहे, घरातल्या सुईचं काय?

जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आपल्याकडे १९९८ पासून आहेत. २०१६ मध्ये ते नव्याने आले आणि बरेच कडक झाले. पिवळी, लाल पिशवी, काचेसाठी निळा डबा, सुयांसाठी आरपार टोचणार नाही असा पांढरा डबा. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पिशवीला बारकोड. रक्तामांसाचा कचरा ४८ तासांच्या वर ठेवायचा नाही. कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटीस बीची लस द्यायची. एका खोलीच्या दवाखान्यापासून रक्तदान शिबिरापर्यंत सगळ्यांना हे लागू. पाळलं किती जातं हा वेगळा विषय, पण निदान जाब विचारायला कागद आहे.

माझी आई रोज इन्सुलिन घेते. सुया आम्ही जाड प्लास्टिकच्या बरणीत टाकतो. बरणी भरली, म्हणून घंटागाडीवरच्या ताईंना विचारलं. म्हणाल्या, "द्या की दादा, टाकते सुक्यात." मग सहज बोलून गेल्या, दोनदा सुई टोचलीय. नळाखाली बोट धुतलं आणि पुढची गल्ली गाठली. कसली लस, कसली तपासणी!

नगरपरिषदेत विचारलं तर म्हणे दवाखान्यात द्या. दवाखान्यात म्हणाले, बाहेरचा कचरा आम्हाला घेता येत नाही. दोघंही नीट बोलले. बरणी मात्र माझ्याच हातात राहिली.

आता गंमत बघा. २०१६ च्याच घनकचरा नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया, सिरिंज, मुदत संपलेली औषधं यांना 'घरगुती घातक कचरा' म्हटलं होतं. तो गोळा करायला दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र उभारायची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली होती. सफाई कामगारांना हातमोजे, बूट, मास्क द्यायचे हेही त्यातच होतं. आपल्या गावात असं केंद्र कुणी पाहिलंय का?

वापरलेली सुई चुकीच्या हाती गेली की काय होतं, ते २००९ मध्ये गुजरातच्या मोडासा भागात दिसलं. सिरिंज पुन्हा वापरल्या गेल्या, हिपॅटायटीस बी पसरला, कित्येक माणसं गेली.

आणि जमत नाही असंही नाही. कोविडमध्ये घरी असलेल्या रुग्णाचा कचरा पिवळ्या पिशवीत वेगळा न्यायच्या सूचना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये काढल्याच होत्या. तेव्हा भीती आपल्याला होती. आता टोचतंय ते दुसऱ्याच्या बोटाला, एवढाच फरक.

मागणी साधी आहे. प्रत्येक प्रभागात एक पांढरा डबा, मेडिकल दुकानाजवळ ठेवला तरी चालेल. तो आठवड्याला दवाखान्यांच्या कचऱ्याच्या गाडीत जावा. आणि घंटागाडीवरच्या प्रत्येकाला हिपॅटायटीस बीची लस. सोमवारी मुख्याधिकाऱ्यांना अर्ज देतोय. ज्यांच्या घरी इन्सुलिन चालू आहे त्यांनी सही करायला या. तोवर सुया झाकणाच्या जाड बरणीत ठेवा, सुट्ट्या पिशवीत टाकू नका.