पंधरा मिनिटांची सवड

जर्मनीला शिकायला जाणार म्हटल्यावर आमच्या चिपळूणकडच्या नातेवाइकांनी दोनच प्रश्न विचारले. खाणार काय, आणि नमाजचं काय? पहिल्याचं उत्तर सोपं होतं. भात, डाळ, अंडी, मासे तिथंही मिळतात. दुसऱ्याचं उत्तर मिळालं ते हायडेलबर्ग विद्यापीठातल्या पहिल्या आठवड्यात.

हे विद्यापीठ १३८६ सालचं, आजच्या जर्मनीतलं सर्वांत जुनं. १९०७ मध्ये अल्लामा इक्बाल जर्मन शिकायला याच गावी राहिले होते. नेकार नदीकाठच्या एका रस्त्याला त्यांचं नाव आहे. मी पुण्याच्या कॉलेजातून एका सत्रासाठी आले होते. इतका मुक्काम म्हटल्यावर मुसाफिराची सवलत नाही. प्रत्येक नमाज आपापल्या वेळी आणि पूर्ण.

हिवाळी सत्र ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतं. वेळापत्रक हातात पडलं आणि पोटात गोळा आला. सोमवारी दोन ते चार एक वर्ग, लगेच चार ते सहा दुसरा. पहिल्या आठवड्यात सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास, तेव्हा सहानंतर असर मिळत होती. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात. त्यानंतर सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात तर साडेचारच्या आत. मग असर पढायची कधी? "कझा पढशील रात्री," असं एका मैत्रिणीनं फोनवर सांगितलं. मन मानेना. आधीपासून ठरवून दर सोमवारी नमाज कझा करायची?

वेळेपुढे 'सी. टी.' अशी दोन अक्षरं होती. शेजारी बसलेल्या तुर्की घरातल्या मुलीनं त्यांचा अर्थ सांगितला. ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरं. वर्ग दिलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांनी सुरू होतो आणि पंधरा मिनिटं आधी सुटतो. म्हणजे पावणेचार ते सव्वाचार, पुरता अर्धा तास! वर्ग सुटला की मुलं टाळ्या न वाजवता बोटांनी बाकं ठोकतात. तो आवाज म्हणजे माझ्यासाठी नमाजची आठवणच झाली.

जागेचा प्रश्न उरला. वर्ग संपल्यावर बाईंकडे गेले, छाती धडधडत होती. विचारलं, "ही खोली सव्वाचारपर्यंत रिकामी असते का? मला नमाज पढायची आहे." त्यांनी दाराबाहेरचा तक्ता पाहिला, "असते," म्हणाल्या आणि जाताना दार ओढून घेतलं. एवढंच. ना कपाळावर आठी, ना चौकशी.

वुजूसाठी बेसिनमध्ये पाय धुण्याची अडचण होती. सकाळी घरून वुजू करून चामड्याचे मोजे घालायचे आणि नंतर त्यांवर मसह करायचा, हा मार्ग शरीयतनंच दिलेला आहे. आपल्याकडे पश्चिमेकडे तोंड करायची सवय. इथं किबला आग्नेयेला. मोबाइलवर दिशा पाहून मुसल्ला अंथरला. मगरिब वर्ग सुटताच मिळते, इशाच्या आधी.

परदेशी जाणाऱ्या मुलामुलींनी बॅगेत मुसल्ला जरूर ठेवावा. पहिल्याच दिवशी वर्गांचं आणि नमाजचं वेळापत्रक शेजारी ठेवून पाहावं, आणि अडलं तिथं नम्रपणे विचारावं. "तिथं कुठं जमणार?" असं घरी बसून ठरवू नये. अल्लाह वाट काढतो. पण ती विचारायला तोंड आपल्यालाच उघडावं लागतं.