दूरचा मनोरा

रात्रभर कोनाड्यात स्वस्थ पडलेला भ्रमणध्वनी सकाळी निष्प्राण आढळला, की घरातील पहिला संशय मुलांवरच जातो. वरंध घाटाजवळच्या दरीतील एका वस्तीवर सुट्टीत आलेल्या नातवाची गत तीच झाली. पुण्यास दिवसभर पुरणारी बॅटरी येथे एका रात्रीत संपली. आजोबांना मुंबईच्या रुग्णालयात असलेल्या लेकीची खुशाली हवी होती, आणि फोन बंद! "रात्री खेळत बसला असशील," एवढेच ते म्हणाले. नातवाने तर त्या यंत्रास हातही लावला नव्हता. पण हे पटवावे कसे?

शेजारचे तात्या लष्कराच्या सिग्नल दलातून निवृत्त झालेले. त्यांनी मुलाची बाजू घेतली. भ्रमणध्वनी निश्चल दिसला तरी निजलेला नसतो. मनोऱ्याकडून हाक येते का, हे ऐकण्यासाठी तो दर एकदोन सेकंदांनी क्षणभर जागा होतो. मनोरा जवळ असेल, तर या जाग्रणाचा खर्च अल्प असतो. उत्तर देतानाही तो कुजबुजला तरी भागते. किती मोठ्याने बोलावे, हे मनोराच त्याला सांगत असतो. फोरजी फोन जास्तीत जास्त सुमारे ०.२ वॉट शक्तीने लहरी पाठवतो. मनोऱ्यालगत मात्र त्याच्या हजाराव्या हिश्शातही काम होते. पहिल्या बाकावरील मुलाने उत्तर देणे निराळे आणि पलीकडच्या डोंगरावरील गुराख्यास हाक घालणे निराळे!

दरीत तर डोंगरच लहरींच्या आड येतात. रेंज गेली, की जत्रेत चुकलेल्या पोराने आईच्या आवाजाचा कानोसा घ्यावा, तसा फोन एकामागून एक लहरपट्टे धुंडाळू लागतो. क्षीण साद मिळताच सारे बळ एकवटून आपली नोंद करतो. ती साद पुन्हा हरवते, पुन्हा शोध सुरू होतो. १ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतात फाइव्हजी सेवेचा आरंभ झाला. पण नव्या पिढीचा फोन घेतला म्हणून डोंगर काही बाजूला सरत नाही! विक्रेते ही गोष्ट सहसा सांगत नाहीत.

त्या रात्री तात्यांनी पूर्ण भारलेला फोन 'फ्लाइट मोड'वर ठेवला. पहाटे बॅटरी जवळजवळ भरलेलीच होती. आजोबा काही बोलले नाहीत. परंतु अशा फोनवर लेकीचा निरोप तरी कसा यावा? अखेर सकाळ-संध्याकाळ खिंडीपर्यंत चढून जायचे आणि तेथेच फोन जागा करायचा, असे ठरले.

खिंडीत वारा भणाणत होता. नातवाने कळ दाबली. पडद्यावर एक रेघ उमटली, मग दुसरी. थोड्याच वेळात घंटी वाजली. आजोबांनी थरथरत्या हाताने फोन घेतला, क्षणभर थांबले आणि तो नातवाच्या हाती देत म्हणाले, "आधी तू बोल."