टोपीखालचे डोळे

धायरीत माझा फोटो स्टुडिओ आहे, म्हणजे एक गाळा. पासपोर्टचे फोटो, लग्नाच्या बायोडेटाचे फोटो आणि बारसं-साखरपुड्याच्या ऑर्डरी यांवर तो चालतो. गिऱ्हाइकाची तक्रार ठरलेली: "डोळे झोपाळू आलेत." अशा वेळी मी आधी दिवा कुठे होता ते बघतो.

एकदा गावठाणातल्या एका घरून सहस्रचंद्रदर्शनासाठी बोलावणं आलं. ऐंशी ओलांडलेल्या आजोबांचा मोठा फोटो करायचा होता. पांढरी टोपी, दाट भुवया, खोल गेलेले डोळे आणि वर चष्मा. नातवानं मोबाइलवरचे फोटो दाखवले. भर दुपारी अंगणात काढलेले. टोपी लख्ख आणि डोळ्यांच्या जागी काळोख. नातसुनेनं विचारलं, "दादा, नंतर कॉम्प्युटरवर डोळे उजळता येतील ना?"

येतात. पण डोळ्याचा पांढरा भाग कधीच पांढराशुभ्र नसतो. त्याला पिवळसर-गुलाबी झाक असते, बारीक शिरा असतात, वर पापणीची सावली पडते आणि गोलाईमुळे कडांकडे तो गडद होत जातो. हे सगळं पुसलं की माणूस दुकानातल्या पुतळ्यासारखा बघायला लागतो. म्हणून उजेड फोटो काढतानाच डोळ्यांत पोचवावा लागतो.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा ओला आणि फुगीर, म्हणजे चिमुकला बहिर्वक्र आरसाच. समोर जे उजळ असेल त्याचं प्रतिबिंब त्यात पडतं. आम्ही त्याला कॅचलाइट म्हणतो. खिडकीचा चौकोन दिसतो, छत्रीचा गोल, रिंग लाइटचं कडं. गणपतीच्या मूर्तीची आखणी करणारा कारागीर बुबुळात पांढरा ठिपका देतो, तो हाच. छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांचं १९९७ सालचं 'फेसेस' हे पुस्तक हाती आलं तेव्हा मी नटनट्यांच्या चेहऱ्यांआधी त्यांची बुबुळं बघत बसलो होतो. दिवा कुठे ठेवला, केवढा ठेवला, हे तिथेच कळतं.

आपल्याकडे बहुतेकांची बुबुळं गडद तपकिरी. हा ठिपका नसेल तर बुबुळ आणि बाहुली एकच काळा डाग होऊन जातात. त्यात खोली अंधारी असली की बाहुली पसरते आणि तपकिरी रंग आणखी आक्रसतो. म्हणून बायोडेटाचे फोटो काढताना मी खोलीतले दिवे चालूच ठेवतो.

आजोबांना मी ओसरीच्या कडेला, छपराच्या सावलीत, अंगणाकडे तोंड करून बसवलं. डोक्यावरचं ऊन छपरानं अडवलं. अंगणातला पसरट उजेड समोरून चेहऱ्यावर आला. टोपी जरा मागे घ्यायला सांगितली तर आजोबा कुरकुरले. आजी आतून म्हणाल्या, "घ्या की मागं, डोळं तरी दिसतील!" मग मांडीवर पांढरा सनबोर्ड आडवा ठेवला, त्यानं भुवयांखालची सावली हलकी झाली. तो फार वर आला की डोळ्यांत खालूनही तेवढाच ठळक ठिपका पडतो आणि नजर विचित्र वाटते. वरचा ठिपका ठळक आणि खालचा अगदी पुसट दिसेपर्यंत मी बोर्ड खाली घेत गेलो.

चष्मा काढायला आजोबा तयार नव्हते, आणि काचांमध्ये अख्खं अंगण चमकत होतं. घरात एक काळी घोंगडी होती. ती ताणून धरून नातू माझ्या पाठीमागे उभा राहिला आणि काचा स्वच्छ झाल्या. कारण साधं आहे. चष्म्याची काच जवळजवळ सपाट, तिच्यात समोरचा थोडाच भाग दिसतो. तेवढा घोंगडीनं झाकला. बुबुळ फुगीर, त्यात चहूकडचं अंगण मावतं. त्यामुळे काचेवरची चकाकी गेली, पण डोळ्यांतला ठिपका राहिला.

एवढं करूनही चेहरा ताठच होता. मी गावच्या धारेश्वराच्या जत्रेचा विषय काढला. आजोबा रंगात येऊन सांगू लागले, आणि खऱ्या हसण्यात खालची पापणी किंचित वर उचलली जाते तशी ती उचलली गेली. तोच फोटो घरच्यांनी निवडला. कॉम्प्युटरवर मी त्या डोळ्यांना हात लावला नाही.

हे करायला महागडा कॅमेरा लागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोटो मोबाइलवर काढायचा असेल तर त्यांना खिडकीकडे तोंड करून हातभर अंतरावर बसवा, फ्लॅश बंद ठेवा, मांडीवर पांढरा टॉवेल पसरा. मग त्यांच्या बुबुळात खिडकी दिसते का ते बघा. दिसत नसेल तर बटण दाबू नका. हनुवटी थोडी वर घ्यायला सांगा किंवा खुर्ची फिरवा.