तार लपवावी, जोड नाही

१९६९ च्या शेव्हर्ले कॅमॅरोचं बॉनेट उघडलं की नजर इंजिनाआधी भोवतालच्या पसाऱ्यात अडकते. डाव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावरून दिव्यांचा हार्नेस क्लिपांच्या आधारानं पुढे जातो. रेडिएटरच्या चौकटीवर व्होल्टेज रेग्युलेटर असतो, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री कटआउट म्हणतात. मागे फायरवॉलवर वायपरची मोटर आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडर, पलीकडे हीटरचा काळा डबा, उजव्या कोपऱ्यात बॅटरी. यातली एकही वस्तू दिसण्याचा विचार करून बसवलेली नाही. जुळणीच्या सरकत्या रांगेत कामगाराचा हात कुठे पोचतो आणि तांबं कुठून कमी लागतं, यावर त्यांच्या जागा ठरल्या. त्यामुळे फायरवॉलवरची नको ती भोकं वेल्डिंगनं बुजवून, वायरिंग नजरेआड करून, तिथे फक्त इंजिन दिसू देणारा कारागीर मूळ रचनेचा अपमान करतो असं मला वाटत नाही. कारखान्यानं सोयीनं मांडलेलं त्यानं विचारानं मांडलं, एवढंच. माझा आग्रह निराळा आहे. तार हवी तितकी लपवा, पण तारेचा जोड लपवू नका. या कामातली बहुतेक फजिती हा फरक न केल्यामुळे होते.

ही आवड आली कुठून तेही पाहायला हवं. कॅलिफोर्नियातल्या हॉट रॉडवाल्यांचं लाडकं वाहन म्हणजे १९३२ ची फोर्ड. सहा व्होल्टची बॅटरी, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी सर्किटं, आणि बॉनेटच्या बाजूचे पत्रे काढून टाकले की उघडं पडणारं व्ही-८ इंजिन. तिथे लपवायला फारसं नव्हतंच. १९५० पासून ओकलंडच्या प्रदर्शनात अमेरिकेतल्या सर्वांत देखण्या रोडस्टरला मानाची ट्रॉफी मिळू लागली, १९६४ मध्ये डेट्रॉइटच्या ऑटोरामात रिडलर पारितोषिक सुरू झालं, आणि परीक्षक बॉनेटखाली वाकून पाहू लागले. पुढे ऐंशीच्या दशकात हॉट रॉड बांधणाऱ्या बॉइड कॉडिंग्टन यांच्यासारख्यांनी बिजागऱ्या, मुठी, शिवणी सगळं गुळगुळीत करायची चाल पाडली. तोवर गाड्या मात्र बारा व्होल्टच्या आणि कितीतरी जास्त तारांच्या झाल्या होत्या. १९३२ च्या गाडीला फुकट मिळालेला साधेपणा १९६९ च्या गाडीला कष्टानं मिळवावा लागतो.

आता जोडाकडे येऊ. चांगल्या आवरणातली तांब्याची तार कशावर घासली नाही, भाजली नाही, तर पिढीभर टिकते. मधूनच, काही कारण नसताना ती क्वचितच तुटते. बिघाड होतो तो टोकांना: थिंबलच्या दाबात, टर्मिनलच्या पकडीत, पत्र्याला कसलेल्या अर्थच्या बोल्टखाली, नाहीतर ग्रोमेट नसलेल्या भोकाच्या कडेवर. नीट दाबलेला क्रिंप तांब्याचे धागे इतके घट्ट आवळतो की आत हवा शिरत नाही; अर्धवट दाबलेल्यात दमट हवा शिरते आणि धागे हिरवे पडतात. डाग दिलेला जोडही निर्धोक नसतो. वितळलेलं सोल्डर धाग्यांमधून वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि इंजिनाच्या थरथरीनं तार नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. दोन हॅलोजन हेडलाइट मिळून ९ ते १० अँपिअर घेतात. एखाद्या जोडात दशांश ओहमचा अवरोध वाढला तरी जवळजवळ एक व्होल्ट तिथेच खर्ची पडतो, दिवे पिवळे होतात आणि टेपमध्ये गुंडाळलेल्या त्या जोडात सुमारे १० वॉटची उष्णता साठत राहते. घराच्या भिंतीत वायरिंग गाडणारा वायरमनही तार पाइपात घालतो, पण जोड पेटीत काढतो आणि पेटीला स्क्रूचं झाकण ठेवतो. गाडीला तर भिंतीसारखं स्वस्थ बसणंही माहीत नसतं.

म्हणून मला सुचणारा क्रम असा. आधी तारा कमी करा, मग त्यांच्या वाटा ठरवा, लपवणं शेवटी. रेग्युलेटर पोटातच असलेला सत्तरच्या दशकातला ऑल्टरनेटर बसवला की रेडिएटरच्या चौकटीवरचा डबा आणि त्याच्या तारा जातात. त्यांना लपवावंच लागत नाही. १९७५ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सनं सर्रास वापरलेल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये कॉइल टोपीतच असते, म्हणजे वेगळी कॉइलही गेली. टोपी मात्र चांगली थोराड असते, आणि ती आवडावी अशी माझी कुणाला जबरदस्ती नाही. पण इथेच एक सापळा आहे. जुन्या कॅमॅरोत कॉइलकडे येणारी तार साधी नसते. पॉइंट जळू नयेत म्हणून व्होल्टेज मुद्दाम उतरवणारी ती अवरोधाची तार असते, आणि हार्नेसच्या वेष्टनात ती इतरांसारखीच दिसते. हिशेब न पाहता तीच तार नव्या डिस्ट्रिब्युटरला जोडली, वर नवी स्लीव्ह चढवून फायरवॉलमागे सारली, की गाडी सुरू होते, गल्लीत फिरते आणि वेग घेताना चाचरते. मग कार्बोरेटर खोलला जातो, पेट्रोल पंप बदलला जातो. खरा दोषी सुंदर स्लीव्हमध्ये निवांत बसलेला असतो.

नीटनेटकेपणा डोळ्यांचा वेगळा आणि विजेचा वेगळा, याचा सर्वांत चांगला पुरावा स्पार्क प्लगच्या तारांचा. १९५५ मध्ये आलेल्या शेव्हर्लेच्या छोट्या व्ही-८ चा ठिणगीचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. विषम आकड्यांचे सिलिंडर सगळे डावीकडे, म्हणजे ५ आणि ७ शेजारी, आणि क्रमातही ते एकामागोमाग. या दोघांच्या तारा सुबक दिसाव्यात म्हणून एकमेकींना चिकटवून, समांतर, क्लिपांत कसून मागे नेल्या, तर पाचव्याच्या तारेतला उच्च दाबाचा झटका सातव्याच्या तारेत प्रवर्तनानं उतरू शकतो. सातव्यात तेव्हा मिश्रण दाबलं जात असतं. त्याची स्वतःची पाळी यायला क्रँकचे ९० अंश बाकी असतात. इतक्या लवकर पडलेली ठिणगी पिस्टनला वर येतानाच मागे ढकलते. इंजिन ठोकतं आणि कारण सापडत नाही, कारण तारा तर नव्याकोऱ्या आणि ओळीत. फोर्डच्या २८९ आणि ३०२ घनइंची व्ही-८ मध्ये हेच दुखणं ७ आणि ८ चं. उपाय सोपा आहे: त्या दोन तारांत अंतर ठेवायचं, आणि ओलांडायचीच वेळ आली तर एकीवरून दुसरी आडवी न्यायची. प्रदर्शनात एखाद्याला ही तिरकी तार खटकेल. खटकू दे.

बॅटरी डिकीत नेण्याचा मोह तर सगळ्यांनाच होतो, कारण तो काळा ठोकळा गेला की बॉनेटखालचा एक कोपराच रिकामा होतो. इथे हिशेब मांडल्याशिवाय हात घालू नये. स्टार्टर व्ही-८ इंजिन फिरवताना साधारण २०० अँपिअर ओढतो. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत ५ मीटर केबल लागली आणि ती २५ चौरस मिलिमीटरची असली, तर केबलीतच जवळजवळ ०.७ व्होल्ट जातो. ७० चौरस मिलिमीटरची घेतली तर पाव व्होल्ट, पण तेव्हा तांब्याचंच वजन ३ किलो भरतं. स्टार्टर फिरताना बॅटरीचं व्होल्टेज मुळातच खाली आलेलं असतं, त्यातून पाऊण व्होल्ट वाटेत सांडणं परवडत नाही. फ्यूज बॅटरीपाशी हवा, केबलीच्या दुसऱ्या टोकाला नव्हे. तो तार वाचवण्यासाठी असतो, आणि मधे कुठे पत्र्यानं आवरण कापलं तर पलीकडचा फ्यूज काहीच वाचवत नाही. शिवाय परतीची वाट विसरली जाते. इंजिनापासून चासीकडे येणारी अर्थची पट्टी दिसायला ओबडधोबड, म्हणून काढली जाते. मग स्टार्टरचा करंट मिळेल त्या धातूतून परततो, अॅक्सिलरेटरच्या केबलीतूनसुद्धा. ती केबल आतून भाजते आणि एक दिवस अडकते. अर्थची पट्टी इंजिनाच्या मागच्या अंगाला, दिसणार नाही अशी बसवता येते. तिचे बोल्ट मात्र पाना लागेल अशाच जागी हवेत, आणि त्यांच्याखालचा रंग खरवडलेला हवा.

तारा न्यायच्या कुठून, हा त्यामानानं सोपा प्रश्न. मडगार्डचा बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा यांच्यामधली पोकळी ही नेहमीची वाट. इंजिनाची धग तिथे पोचत नाही, पण चाकानं उडवलेलं पाणी आणि खडे पोचतात. म्हणून त्या पोकळीत अखंड तार न्यावी, जाड स्लीव्हमध्ये, वरच्या कडेला बांधून. रिले आणि फ्यूज मात्र गाडीच्या आत, डॅशबोर्डखाली किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे न्यावेत. इग्निशनचा इलेक्ट्रॉनिक डबा असेल तर त्याला हवा लागते. गालिच्याखाली घातलेला डबा तापतो.

आता आक्षेप. अस्सल जपणाऱ्यांचा पहिला, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. अमेरिकेत कॉर्व्हेट जपणाऱ्यांची राष्ट्रीय सोसायटी १९७४ पासून गाड्या तपासते ती कारखान्यातून निघाल्या तशा आहेत का, या कसोटीवर. त्या कसोटीत बुजवलेलं भोक म्हणजे पुसलेला पुरावा. कॅमॅरोच्या फायरवॉलवर रिव्हेटनं ठोकलेली माहितीची पट्टी असते, तिच्यावरून रंग आणि आतली सजावट कळते. सपाट फायरवॉलच्या हौसेत ती निघाली की गाडीचा दाखलाच हरवला. जिचं मूळ इंजिन आणि मूळ पत्रा अजून शाबूत आहे अशा गाडीवर हे काम करू नये, हे मी बिनशर्त मान्य करतो. आपल्याकडेही ॲम्बेसेडर किंवा कुर्ल्याची फियाट हाताशी असलेल्यांनी हे लक्षात घ्यावं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतली विंटेज नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा लागतो. फायरवॉल कापणं म्हणजे हा वाद स्वतःहून ओढवून घेणं. परत काढता येईल असं वायरिंग वळवणं वेगळं आणि पत्रा कापणं वेगळं. गंजून निम्मी गेलेली, इंजिन केव्हाच बदललेली गाडी मात्र याच नियमात का बांधावी?

दुसरा आक्षेप असा की हे सगळं ढोंग आहे. यंत्रानं आपल्या नसा दाखवाव्यात. यात अर्धं तथ्य आहे. नव्या गाड्यांत इंजिनावर ठेवलेलं प्लॅस्टिकचं झाकण मलाही आवडत नाही, कारण ते इंजिनच लपवतं. इथे उलट होतं: वायरिंग बाजूला सारून ओतीव लोखंड, मॅनिफोल्ड, कार्बोरेटर मोकळे केले जातात. तिसरा आक्षेप व्यवहाराचा, रात्री घाटात गाडी बंद पडली तर लपवलेल्या वायरिंगचं काय करायचं. त्याला उत्तर म्हणजे हाच सगळा लेख. जोड, फ्यूज, रिले, अर्थ हे एका हाताच्या अंतरावर असले आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना आकडा असला, तर मूळ पसाऱ्यापेक्षा शोध लवकर लागतो. आकड्यांचा नकाशा ग्लोव्ह बॉक्समध्ये हवा, मोबाइलमध्ये नको. गाडी विकली जाते, मोबाइल विकणाऱ्याकडेच राहतो.

आणि काही गोष्टी लपवूच नयेत. जनरल मोटर्सच्या १९९७ नंतरच्या एलएस कुळातलं इंजिन जुन्या गाडीत बसवण्याची चाल आहे, त्याला प्रत्येक सिलिंडरची स्वतंत्र कॉइल, आठही कॉइली व्हॉल्व्हच्या झाकणांवर रांगेत. बरेच जण त्या उतरवून फायरवॉलमागे नाहीतर मडगार्डच्या पोकळीत नेतात. पण कॉइल तिथे ठेवली होती ती प्लगची तार वीतभर राहावी म्हणूनच. ती लांबवून गरम मॅनिफोल्डजवळून फिरवली की आठ कॉइलींची सोय गेली आणि जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या अडचणी तेवढ्या परत आल्या. अशा इंजिनात मी कॉइली झाकणांवरच ठेवीन, त्यांच्यापर्यंतचा हार्नेस इनटेकच्या आडोशानं नेईन आणि आठ छोट्या काळ्या तारा दिसल्या तर दिसू देईन.