ड्यूटीचे पैसे

आमच्या शेजारचे तात्या एसटीत वाहक होते. चिपळूण आगारातून कधी गुहागरला, कधी पोफळीला, कधी मुक्कामाची गाडी घेऊन एखाद्या आडगावात, अशी त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर ते आणि काकू बाजारपेठेजवळच्या आमच्या इमारतीत, आमच्या समोरच्याच दारात राहायला आले. ठेवी, विमा, म्युच्युअल फंड यांबद्दल सल्ला देणारी माणसं मला पुष्कळ भेटली आहेत. अडीअडचणीसाठी घरात रोकड किती ठेवावी, कोणत्या नोटांत ठेवावी आणि कुणाकुणाचा विचार करून ठेवावी, हे शिकवणारे तात्या एकटेच. त्यांचं माझ्यावर ऋण आहे. ते फिटणारं नाही. निदान बोलून दाखवावं म्हणून हे लिहिते आहे.

एसटीच्या वाहकाला दोन प्रकारचे पैसे सांभाळावे लागतात. ड्यूटीवर चढताना स्वतःच्या खिशात किती रक्कम आहे, हे त्याला नोंदवून द्यावं लागतं. वाटेत तपासनीस गाडीत चढला की पिशवीतली रोकड, दिलेली तिकिटं आणि ही नोंद, तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. रुपया कमी निघाला तर जाब, जास्त निघाला तरी जाब. जन्मभर हा मेळ घालून तात्यांच्या मनात पैशांचे दोन कप्पे पक्के झाले होते: आपले पैसे आणि ड्यूटीचे पैसे.

त्यांच्या घरात माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत नोटांच्या जुड्या आणि सोबत एक छोटी वही. दूधवाला दारात उभा असे, काकू म्हणत, “डब्यातले द्या ना, संध्याकाळी परत ठेवू.” तात्या चपला घालून खाली जात, एटीएममधून पैसे काढून आणत आणि मग दूधवाल्याला देत. “ते ड्यूटीचे आहेत,” एवढंच बोलत. घरात ठेवलेली रोकड बहुतेकांच्या हाती वेळेला का लागत नाही, याचं उत्तर मला त्या एका सवयीत सापडलं. आपण ती अडचणीसाठी ठेवतो आणि आळसासाठी खर्च करतो.

डब्याची सुरुवात कशी झाली, तेही त्यांनीच सांगितलं होतं. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत ते गाडीवर होते. पुढचा रस्ता बंद, मागचाही बंद. गाडी घाटाखाली अडकली आणि प्रवाशांसकट रात्र तिथेच काढावी लागली. गाडीत तान्ही मुलं होती, म्हातारी माणसं होती. रस्त्याकडेच्या टपरीवर दूध आणि बिस्किटं मिळत होती. पिशवीत तिकिटांची रोकड होती, पण तिला हात लावणं तात्यांच्या स्वभावात नव्हतं. खिशातले नोंदवलेले चार पैसे तेवढे कामाला आले. त्यांतून मुलांसाठी दूध घेतलं आणि ते पैसे संपले. “त्या रात्री माझ्याकडे अजून दोनशे रुपये सुटे असते, तर गाडीत कुणी उपाशी झोपलं नसतं,” हे वाक्य त्यांच्या तोंडून मी अनेकदा ऐकलं आहे. निवृत्तीनंतर त्यांनी डबा केला तो त्या रात्रीसाठी.

८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. देशातल्या चलनाच्या एकूण मूल्यापैकी सुमारे ८६ टक्के मूल्य या दोन नोटांत होतं. घरोघरच्या बायकांनी तांदळाच्या डब्यात, साड्यांच्या घडीत जपलेले पैसे एका रात्रीत उजेडात आले आणि बँकांपुढे रांगा लागल्या. तात्यांच्या डब्यात बहुतेक नोटा शंभराच्या आणि त्याहून लहान. तो आठवडा आमच्या जिन्यातल्या चार घरांची भाजी त्या डब्यावर चालली. वाहकाच्या नोकरीने त्यांना शिकवलं होतं की समोरच्याला मोड देता येत नसेल तर मोठ्या नोटेचा उपयोग नाही. एसटीत सुटे नसले की उरलेली रक्कम तिकिटाच्या मागे लिहून देतात; पण भाजीवाली किंवा रिक्षावाला तसं लिहून देत नाही.

मग आली २२ जुलै २०२१. आदल्या रात्रीपासून पाऊस कोसळत होता. पहाटे वाशिष्ठीचं आणि शिवनदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि दिवस उजाडेपर्यंत आमच्या इमारतीचा तळमजला दिसेनासा झाला. वीज गेली, पाठोपाठ मोबाइलचं नेटवर्क गेलं. महामार्गावरच्या वाशिष्ठीच्या पुलाचा भाग खचला, कोकण रेल्वे थांबली. पाणी ओसरल्यावर खाली उतरलो तेव्हा दुकानं, बँका, एटीएम, सगळीकडे गुडघाभर चिखल होता.

त्याच पुरात चिपळूण आगारही बुडालं होतं. तिथले आगार व्यवस्थापक एसटीची सुमारे ९ लाखांची रोकड वाचवण्यासाठी सहकाऱ्यांसह गाडीच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले, ही हकिगत नंतर सगळ्या महाराष्ट्राने वाचली. तात्यांना ती कळली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. “ड्यूटीचे पैसे असेच सांभाळायचे असतात,” ते म्हणाले.

मदत आली, भरभरून आली. रत्नागिरी, कोल्हापूर, सातारा, मुंबई, कुठून कुठून माणसं पाणी, जेवण, चादरी घेऊन पोचली. त्या माणसांना मी आजही मनोमन नमस्कार करते. पण घर पुन्हा उभं करायला लागणाऱ्या किती तरी गोष्टी मदतीच्या टेम्पोत नसतात. खराटे, फिनेल, मेणबत्त्या, पंपाचं डिझेल, चिखल उपसणाऱ्याची मजुरी, हे सगळं रोखीने. माझ्या आईच्या हृदयविकाराच्या गोळ्या संपत आल्या होत्या आणि बाजारपेठेतली औषधांची दुकानं चिखलात होती. सावर्ड्याला जाऊन गोळ्या आणायच्या होत्या. माझ्या पाकिटात दोन हजाराची एक नोट होती आणि पाचशेच्या दोन. जीपवाला भला माणूस होता, पण हात जोडून म्हणाला, “ताई, सुटे कुठनं आणू?” फोनवरून पैसे पाठवायला तर नेटवर्कच नव्हतं.

तात्यांनी मला वर बोलावलं, डबा उघडला आणि पन्नासाच्या नि विसाच्या नोटांत ३,००० रुपये मोजून हातावर ठेवले. मग वही पुढे केली. “तारीख घाल, रक्कम लिही, सही कर.” मी त्यांच्याकडे पाहिलं तर म्हणाले, “लिहून घेतलं की घेणाऱ्याची मान ताठ राहते, बाळ.” त्या दिवशी तळमजल्यावरच्या शिंप्यानेही सही केली, ज्याचं शिलाई यंत्र गाळात रुतलं होतं. खोली करून राहणाऱ्या दोन कॉलेजच्या मुलांनीही केली. कुणालाही तात्यांनी कारण विचारलं नाही आणि कुणालाही वहीशिवाय पैसे दिले नाहीत. संध्याकाळपर्यंत आईच्या गोळ्या घरात होत्या.

बँक सुरू झाल्यावर मी पाचशेच्या सहा नोटा घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी घेतल्या नाहीत. “जशा नेल्यास तशा आण.” मला आधी नवल वाटलं. मग रोजच्या व्यवहारात मिळणारी प्रत्येक विसाची, पन्नासाची नोट मी बाजूला ठेवू लागले. सुटे पैसे जमायला किती वेळ लागतो, ते तेव्हा कळलं. अडचण एका रात्रीत येते, पण तिच्यासाठी लागणाऱ्या नोटा एका दिवसात जमत नाहीत. ३,००० रुपये पुरे झाले त्या दिवशी तात्यांनी वहीतलं माझं नाव खोडलं आणि हसून म्हणाले, “आता हाच धंदा चालू ठेव, स्वतःच्या डब्यासाठी.” परतफेडीची ती अट माझ्याच भल्याची होती.

मग त्यांनी मला हिशेब घालून दिला. चौघांच्या घराला दूध, भाजी, पाव-अंडी यांचे रोजचे ३०० धरून दहा दिवसांचे ३,०००. महिन्याच्या औषधांचे २,०००. गॅसच्या टाकीचे १,०००. घरातली सगळी माणसं जवळच्या मोठ्या शहरात पोचतील एवढ्या भाड्याचे २,०००. आणि शेवटचे २,००० शेजाऱ्यांचे. एकूण १०,०००. नोटा अशा: शंभराच्या ५०, पन्नासाच्या ४०, विसाच्या ५०, दहाच्या ५० आणि पाचशेच्या फक्त ३. मी विचारलं, “शेजाऱ्यांचे कशाला? ज्याने त्याने आपले ठेवावेत.” ते म्हणाले, “गाडीत सगळ्यांकडे सुटे असते तर वाहकाला पिशवी कशाला लागली असती?”

यापेक्षा फार जास्त रोकड घरात ठेवू नये, असंही ते बजावत. जास्त ठेवली तर चोराची धास्ती, वाळवीची धास्ती, आणि व्याज बुडतं ते वेगळंच. घरात किती रोकड असावी यावर आयकराच्या कायद्याने मर्यादा घातलेली नाही; ती कुठून आली हे मात्र सांगता आलं पाहिजे. म्हणून ते बँकेतून काढलेल्या रकमेची चिठ्ठी वहीत डकवून ठेवत. नोट भिजली, चिखलाने माखली तरी टाकून द्यायची नाही. बँकेत ती बदलून मिळते. पुरानंतर आमच्या इमारतीच्या गच्चीत वाळत घातलेल्या नोटा मी पाहिल्या आहेत. पाडव्याला आणि दसऱ्याला ते डबा उघडत, नोटा मोजत, जीर्ण झालेल्या बदलत आणि महागाई पाहून रकमेत भर घालत. दोन हजाराच्या नोटेला त्यांनी डब्यात कधीच जागा दिली नाही. १९ मे २०२३ ला ती नोट चलनातून मागे घेण्याचं जाहीर झालं तेव्हा त्यांच्याकडे बदलून घेण्यासारखं काही नव्हतं.

तात्या आता नाहीत. काकूंनी डबा चालू ठेवला आहे, वहीसुद्धा. माझ्या डब्यात मी आज १५,००० ठेवते, कारण आईची औषधं वाढली आहेत आणि भाजीही महागली आहे. यूपीआय मी रोज वापरते. त्याने जगणं सोपं केलं आहे, यात शंका नाही. पण त्याला वीज लागते, मनोरा लागतो, पलीकडच्या माणसाच्या फोनमध्ये चार्जिंग लागतं. चिपळूणने हे तिन्ही एकाच सकाळी जाताना पाहिलं आहे.

माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. आकडा तुमचा तुम्ही ठरवा: घरचे दहा दिवस, महिन्याची औषधं, बाहेर पडण्याचं भाडं, एक गॅसची टाकी. त्यात शेजाऱ्यांचा वाटा विसरू नका. नोटा लहान ठेवा, पाण्यापासून उंचावर ठेवा आणि आजपासून एकेक करून जमवायला लागा. एकदा डब्यात गेलेले पैसे ड्यूटीचे समजा. ते आळसासाठी काढू नका, आणि शेजारी दार वाजवेल तेव्हा अडवून धरू नका.