जवारी

गिटार या वाद्याविषयी मला कधीच फारसे प्रेम वाटले नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे. माझे बालपण मिरजेत, सतारमेकरांच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर गेले. त्यामुळे सुरांविषयीच्या माझ्या साऱ्या कल्पना तंबोऱ्यापासून सुरू होत व बहुधा तेथेच संपत. परंतु सरकारी नोकरी माणसाला कोठे नेऊन टाकील याचा नेम नसतो. पाच वर्षांपूर्वी तिने मला शिलाँगला आणून टाकले. आणि शिलाँगमध्ये गिटार टाळून राहणे म्हणजे पंढरपुरात राहून टाळ टाळण्यासारखे आहे. चर्चमध्ये गिटार, कॉलेजात गिटार, चहाच्या दुकानाच्या पायरीवरही गिटार. बॉब डिलन या अमेरिकन गायकाचा वाढदिवस येथील गायक लू माजाव १९७२ सालापासून साजरा करीत आले आहेत, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

माझी मुलगी त्या वेळी बारा वर्षांची होती. बदल्यांपायी ही तिची चौथी शाळा. सहा महिने ती कोणाशी धड बोलली नाही. नंतर शेजारच्या खासी मुलीकडून ती गिटार शिकली आणि तिचा प्रश्न तिच्यापुरता सुटला. आमचा सुटला नाही. कारण ती गिटारीशी बोलू लागली, आमच्याशी नव्हे.

गेल्या हिवाळ्यात एके रात्री ती माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्हाला सोल्डरिंग येतं ना?"

मी दूरसंचार खात्यातला माणूस. गेली वीस वर्षे हाती फायलींखेरीज काही आले नव्हते, तरी "नाही" म्हणवले नाही. तिला 'फझ'ची पेटी करावयाची होती. गिटार आणि ध्वनिवर्धक यांच्या मध्ये ही लहानशी पेटी बसते; पायाने कळ दाबली की गिटारीचा स्वच्छ आवाज फाटतो. आवाज स्वच्छ जावा म्हणून ज्याने आयुष्यभर पगार घेतला, त्याने तो फाडण्याचे यंत्र करावे, ही मागणी मला मोठी विनोदी वाटली.

त्या पेटीची जन्मकथा तिनेच मला सांगितली. १९६० साली अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स या गायकाच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचे मुद्रण चालू असता, ग्रेडी मार्टिनची बास गिटार ज्या यंत्रभागातून जात होती तो बिघडला व सूर गुरगुरला. गाणे तसेच प्रसिद्ध झाले आणि गाजले. मग इतर वादकही तोच आवाज मागत येऊ लागले, पण तोवर तो भाग पुरताच निकामी झाला होता. तेव्हा ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने ट्रान्झिस्टर जोडून तो बिघाड मुद्दाम घडवून आणला. १९६२ साली त्याची पेटी बाजारात आली. आम्ही निवडलेली रचना मात्र १९६६ सालची, लंडनची: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन फिरत्या कळा आणि ९ व्होल्टची बॅटरी. गिटारीतून येणारी विजेची लहर इतकी वाढवावयाची की बॅटरीच्या मर्यादेत ती मावूच नये. मग तिचे माथे छाटले जाते, शिखराचे पठार होते. आणि अशा छाटलेल्या लहरीतून मूळ स्वराबरोबर वरचे अनेक स्वयंभू स्वर उमटू लागतात.

बाकीचे सामान घरपोच आले. परंतु मूळ रचनेतले ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे. जुन्या रेडिओंत ते जोडीने असत. मुलीने ते मागितले नाही. तिने फक्त कपाटावरच्या रेडिओकडे पाहिले.

तो अण्णांचा, माझ्या वडिलांचा. १९६८ साली घेतलेला. अण्णांच्या अखेरच्या आजारात तो बंद पडला होता. "एवढा रेडिओ बघ रे," असे ते मला दोनदा म्हणाले. मी दोन्ही वेळा "पुढच्या रजेत" म्हणालो. पुढची रजा मी त्यांच्या दिवसांसाठी घेतली. त्यानंतर पंचवीस वर्षे तो मुका रेडिओ रजईत गुंडाळून मी प्रत्येक बदलीबरोबर नेत आलो. उघडला मात्र कधीच नाही.

त्या रात्री उघडला. दोन्ही ट्रान्झिस्टर जागेवर होते. आणि बॅटरीच्या कप्प्यातून निघणारी एक तार गंजून तुटलेली होती. दुसरा दोष दिसेना. पाच मिनिटांचे काम!

मी बराच वेळ काही बोललो नाही. मुलीने सोल्डरिंगचे टोक तापवून माझ्या हाती दिले. तार जोडली. नवे सेल घातले. रेडिओ प्रथम गप्प राहिला, मग खरखरला. आणि त्या खरखरीच्या तळाशी कोणीतरी खासी भाषेत बोलत असलेले ऐकू आले.

"आजोबांचे ट्रान्झिस्टर काढायचे नाहीत," ती म्हणाली, आणि तिने झाकण बसवून टाकले.

पेटी आम्ही सिलिकॉनच्या दोन साध्या ट्रान्झिस्टरांवर केली. तिच्या आवाजाला धार थोडी अधिक असते, एवढेच. ॲल्युमिनियमच्या जेवणाच्या डब्याला भोके पाडून त्यात ती बसवली. पहिल्या रात्री पेटी बोललीच नाही. एक सांधा वरवर जुळलेला दिसत होता, आत सुटा होता. तो तिने शोधला, माझ्या चष्म्याने नव्हे. त्या निमित्ताने आठ-दहा रात्री आम्ही एका टेबलाशी बसलो. आधीच्या शाळांपैकी कोणत्या शाळेत तिला मैत्रीण मिळाली नव्हती, हे मला त्या टेबलाशी कळले.

पेटी गुरगुरली तेव्हा मला आठवले ते मिरजेचे दुकान. तंबोऱ्याच्या घोडीची पाठ किंचित उतरती असते. तार आणि घोडी यांच्यामध्ये कारागीर सुताचा धागा सरकवतो. त्याला जीव म्हणतात. तो केसभर चुकला तर तार नुसतीच वाजते. नेमका बसला की तार घोडीला पुन्हा पुन्हा निसटती शिवते, आणि जवारी बोलते. हे दोन नाद सारखे आहेत असे मी म्हणणार नाही. मिरजेत मला पाऊल ठेवता यायचे नाही. पण तंबोऱ्यातही आपण केवळ स्वच्छ तार ऐकत नव्हतो, हे मला पंचावन्नाव्या वर्षी, शिलाँगच्या थंडीत, एका जेवणाच्या डब्याने शिकवले.

आता माझी अहमदाबादला बदली झाली आहे. मुलगी कॉलेजसाठी येथेच वसतिगृहात राहणार. सामान बांधताना मी सवयीप्रमाणे रजई काढली, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, एवढा रेडिओ माझ्याकडे राहू दे."

मी रजई घडी करून ट्रंकेत ठेवली.